नामाचे दोन सेकंद

नामा कोळ्याला काय येतं असं ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात विचारलं तर लोक सांगत, एक सूर. त्यात थट्टा नव्हती. नामाला खरोखर एकच सूर येत होता आणि तीस वर्षं त्याने तोच वाजवला.

लग्नात सनई वाजते तेव्हा लोक सनई ऐकतात. सनईवाल्याच्या बाजूला आणखी एक माणूस बसलेला असतो, तो कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्याच्याही हातात सनईच असते, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली असतात. ती एकच आवाज काढते आणि तो आवाज थांबवायचा नसतो. सनईवाला मध्ये दम खातो, सनईच्या तोंडाची पत्ती ओली करतो, यजमानाशी दोन शब्द बोलतो. तेवढा वेळ मांडव ओका पडू नये म्हणून मागे हा सूर लागतो. सनईवाल्याचं नाव लोक नातवंडांना सांगतात. सूर धरणाऱ्याला जेवायला बोलावतात, तेही सनईवाल्याने आठवण करून दिली तर.

वाड्यातला सनईवाला दामाजी. त्याची बोटं चांगली होती आणि बोलणं त्याहून चांगलं. नामा त्याचा सूर. दोघं खोपटच्या एसटी डेपोतून गाडी पकडून पार शहापूर-मुरबाडपर्यंत लग्नं वाजवून येत. येताना दामाजी बोलत असे आणि नामा ऐकत असे. सवय दोघांनाही होती.

नामाची नोकरीही तशाच जातीची होती. वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात तो कंप्रेसरवर होता. कारखानाभर हवेच्या नळ्या फिरलेल्या. हातोडे हवेवर, पकडी हवेवर. नामाने फक्त दाबाच्या काट्याकडे बघायचं. काटा सात किलोच्या खाली गेला नाही पाहिजे. गेला नाही तर नामा नावाचा माणूस कारखान्यात आहे हे कुणाला कळत नसे. सहा किलोवर आला की सुपरवायझर धावत येई, आणि नाव घेऊन येई.

सूर न तोडता श्वास कसा घ्यायचा हे तो कंप्रेसरवरूनच समजावून सांगे. "यंत्र हवा ओढतं तेव्हा नळीतली हवा कोण पुरवतं? टाकी. गाल ही टाकी. गालातली हवा ओठांनी बाहेर ढकलायची, त्याच वेळी नाकाने आत घ्यायची. काटा हलला नाही पाहिजे." सांगायला दोन मिनिटं लागत. जमायला त्याला अडीच वर्षं लागली होती. ग्लासभर पाण्यात पपईच्या देठाची नळी बुडवून तो रोज सकाळी पाऊण तास बुडबुडे काढायचा. बुडबुडे थांबले की पुन्हा पहिल्यापासून.

त्याची बायको चंद्रभागा नळाच्या रांगेत बायकांना सांगे, "आमच्या यांना एक सूर येतो. माझा कुकर तीन शिट्ट्या देतो."

वाड्यात एक रीत होती. मांडवातून निघताना नवरी सनईवाल्याच्या पाया पडायची. ज्याच्या श्वासावर लग्न लागलं त्याचा आशीर्वाद घ्यायचा, अशी त्यामागची समजूत. दामाजी सनई तोंडातून काढी, नवरीच्या डोक्यावर हात ठेवी आणि लांबलचक आशीर्वाद देई. बायकांच्या डोळ्यांत पाणी येई. मागे सूर चालूच असे, नामाचा. तो तोडता येत नसे. सूर तुटला की लग्नाला खोट, असं वाडा मानायचा. म्हणून नवरी नामापर्यंत येतच नसे. येऊन तरी काय? गाल फुगलेला माणूस नुसत्या डोळ्यांनी किती आशीर्वाद देणार?

तीस वर्षांत एकही नवरी नामाच्या पाया पडली नाही. सूरही एकदा तुटला नाही. पहिल्या गोष्टीचं कारण दुसरी होती, हे त्याला कळत होतं. कळलं म्हणून सल जात नाही. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. एकदा चंद्रभागेला सांगितली, तेवढं चुकलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी पडते. थांबा, भात उतरवून येते."

अठ्ठ्याऐंशी साली दामाजीचा मुलगा दौलत कीबोर्ड घेऊन आला. दौलत डोंबिवलीला राहायचा आणि तिथल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. कीबोर्ड दुबईहून कुणाकरवी आणवला होता. वाड्यातली माणसं त्याला लाइटची पेटी म्हणत. या पेटीचं विशेष असं की तिच्यात माइकवरून कुठलाही आवाज भरता येत असे. भरलेला आवाज मग पट्ट्यांवर वाजे. दौलतने आधी कुत्रा भरून दाखवला. पट्ट्यांवर कुत्रा सात स्वरांत भुंकला. सगळा वाडा हसला. मग त्याने बापाची सनई भरली. तेव्हा कुणी हसलं नाही.

त्यानंतर तो नामाच्या ओट्यावर आला.

"काका, सूर द्या जरा."

नामाने पत्ती ओली केली, मांडी नीट घातली, गाल भरले आणि सूर लावला. डोळे मिटले. असं बसलं की तो तासाभराच्या तयारीनेच बसे.

"बस, काका."

नामाचा सूर चालूच.

"काका, झालं! बस!" दौलतने त्याच्या गुडघ्याला हात लावला. "दोन सेकंदच लागतात."

"दोन सेकंदांत काय होतं? गाल पण भरत नाही."

"पेटी तेच दोन सेकंद पुन्हा पुन्हा फिरवते. शेवट सुरुवातीला जोडते."

"म्हणजे पट्ट्यासारखं," नामा म्हणाला. कारखान्यात मोटरवरून यंत्रावर पट्टा जातो, दोन टोकं सांधून गोल केलेला.

"तसंच, काका."

"मग सांधा वाजत असेल."

"नाही वाजत."

नामाने पेटीला कान लावला. सांधा वाजत होता. दर दोन सेकंदांनी टक्. भिंतीतून मुंगी गेल्याइतका बारीक. दौलतला तो ऐकू येत नव्हता, दामाजीला येत नव्हता, चंद्रभागा म्हणाली तुमच्या कानात मळ असेल.  तीस वर्षं सूर ऐकू न आलेल्या माणसांना सांधा कुठून ऐकू येणार?

दौलतने काडेपेटीच्या झाकणाचा तुकडा फाडला, घडी केली आणि दोन पट्ट्यांच्या फटीत असा खोचला की एक पट्टी दाबलेलीच राहिली. सूर लागला, आणि लागलेलाच राहिला. मग दौलतने दोन्ही हात मोकळे करून दाखवले. "बघा काका. आता तुम्हाला त्रास नाही."

नामाने काडेपेटीच्या त्या तुकड्याकडे नीट बघून घेतलं. अडीच वर्षं बुडबुडे काढून तो जिथे पोचला होता, तिथे हा तुकडा एका घडीत पोचला होता.

पुढच्या लग्नसराईपासून नामा घरी बसला. गंमत अशी की दामाजी बसला नाही. त्याचीही सनई पेटीत भरलेली होती, त्यालाही फुंकायचं काम उरलं नव्हतं. पण लोकांना सनईवाला दिसायला हवा होता. म्हणून दौलत पेटी वाजवी आणि दामाजी शेजारी खुर्चीत, पांढरे कपडे घालून, सनई मांडीवर घेऊन बसे. नवऱ्या त्याच्या पाया पडत. आता त्याला दमही लागत नसे, त्यामुळे आशीर्वाद आणखी लांबले. सूर धरणारा मात्र आधीच कुणाला दिसत नव्हता. न दिसणाऱ्या माणसाला खुर्चीत कोण बसवतो?

नामा कधी पाहुणा म्हणून अशा लग्नाला गेला की जेवणाकडे त्याचं लक्ष नसे. पेटीतल्या सनईचं काय बिघडलंय ते त्याने दुसऱ्याच लग्नात हेरलं. भरायच्या दिवशी दामाजीने सुरुवातीला एक हलकी मुरकी घेतली होती. आता प्रत्येक स्वर त्याच मुरकीने सुरू होई. प्रत्येक वाक्याला "काय सांगू तुम्हाला" म्हणणारा एखादा माणूस असतो, तशी ती सनई बोलत होती. वरच्या पट्टीत गेली की भरभर थरथरे, खालच्या पट्टीत आली की कण्हत असल्यासारखी वाटे. बिघाड नव्हता. एकदाच केलेलं काम शंभर वेळा वापरलं तर असंच होणार. लोकांना ती आवडायची. एका लग्नात एक पाहुणा म्हणाला, अशी एकसारखी सनई पूर्वी नव्हती. खरंच नव्हती.

एक्क्याण्णवला कारखाना बंद पडला. कंप्रेसर भंगारात गेला. काटा शून्यावर आला, आणि या वेळी नाव घेत कुणी धावत आलं नाही. नामाकडे आता कुठलाच दाब सांभाळायला नव्हता. सकाळी तो पाण्याच्या ग्लासात बुडबुडे काढत बसे. चंद्रभागा विचारी, "आता कशाला?" तो म्हणे, "टाकी गंजते."

त्र्याण्णवच्या श्रावणात दामाजी दम्याने गेला.

पेटी चालूच राहिली. दामाजी जिवंत असतानाही लग्नात वाजवत नव्हताच, त्यामुळे तो गेल्याने वाजवण्यात काही फरक पडला नाही. दौलतने मांडवात खुर्ची तेवढी कमी केली. नवऱ्या आता दौलतच्या पाया पडत.

असं दीड वर्ष गेलं. पंच्याण्णवच्या जानेवारीत दिव्याला एका नातेवाइकाकडे हळद होती. तिथे दामाजीची मोठी बहीण सगुणा आली. भाऊ गेल्यापासून ती कुठल्याही शुभकार्याला गेली नव्हती. ही पहिलीच वेळ. वाड्यात रीतीभातीचा शेवटचा शब्द तिचा असायचा. नवरीला हळद लावायला पाच बायका उठल्या आणि दौलतने पेटी सुरू केली.

सगुणाचा हळदीचा हात तसाच राहिला.

"ह्यो माजा दामा वाजवतो," ती म्हणाली.

बायका थांबल्या. दौलत हसला. त्याला वाटलं, कौतुक आहे. "हो आत्या. बाबांचीच सनई. अठ्ठ्याऐंशीला भरून ठेवलेली."

"मेल्या मानसाचा श्वास हलदीला लावतोस?"

"श्वास नाही आत्या, रेकॉर्ड आहे."

"रेकॉर्डात काय भरलास? सनईत फुंकतात काय? श्वासच ना?"

कुणीतरी मध्ये पडलं. म्हणालं, मावशी, लाउडस्पीकरवर मेलेल्या गायकांची गाणी लागतातच की, त्याचं काय?

"गान्याच्या कोन पाया पडतं काय?" सगुणा म्हणाली. "सनईवाल्याच्या पडतात. ही पोरगी उद्या कोनाच्या पाया पडल? मढ्याच्या?"

 नवरीच्या आईचा चेहरा उतरला. दौलतने सनईचा आवाज बंद केला.

"आनि मागं वाजतंय ते कोन?"

"तो नामाकाकांचा सूर."

"नामा जिता हाय. तो वाजू दे."

म्हणून त्या हळदीत नुसता सूर वाजला. सव्वा तास, एकच. मांडवाबाहेर रिक्षावाले विचारून गेले की कुणाच्या ट्रकचा हॉर्न अडकलाय का. नामाच्या आयुष्यात लोकांनी त्याचा सूर पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला, आणि तेव्हा तो घरी कोलीम, बारीक मासळी, निवडत बसला होता.

बातमी खाडीच्या दोन्ही काठांना पोचली. दामाजीची पेटी मेल्या माणसाची आहे, लग्नात नको. दौलतकडे लग्नं यायची थांबली. त्यातच त्याची बहीण शीला हिचं जमलं. शहाण्णवचा फेब्रुवारी ठरला. सगुणाने निरोप पाठवला, जित्या माणसाच्या श्वासाची सनई पाहिजे, नाहीतर मुकं लग्न लावा. दौलत सनईवाले शोधायला निघाला. माजिवड्याला एक होता, त्याचे दात गेले होते. कल्याणचे दोघं त्या तिथीला आधीच ठरलेले. वाड्यात दामाजीनंतर कुणी शिकलंच नव्हतं. पेटी असताना शिकायचं कशाला?

शेवटी तो डोंबिवलीच्या बाबुरावाकडे गेला. बाबुराव ऑर्केस्ट्राचा मालक. त्याने सिंगापूरहून नवीन कीबोर्ड आणला होता. महिनाभर झाला तरी त्याच्या वादकांपैकी एकालाही तो धड वाजवता आला नव्हता.

"यात कुणाचा आवाज भरलेला नाही," बाबुरावाने सांगितलं. "आत नुसता हिशेब आहे. नळी केवढी, पत्ती किती जाड, फुंकर किती जोराची. त्यावरून तो स्वतः आवाज घडवतो. आणि ही नळी. ही तोंडात धरून फुंकायचं. फुंकलं नाहीस तर पट्ट्या दाबून बोटं मोडलीस तरी मुका."

"फुंकायचं?" दौलत म्हणाला. फुंकायला लागू नये म्हणून त्याने आठ वर्षांपूर्वी पेटी आणली होती.

पंधरा दिवसांसाठी तो कीबोर्ड वाड्यात आला. आईच्या घरात टेबलावर मांडला. सगुणा तपासायला आली. तिने वरून खालून बघितलं.

"ह्याच्यात कोन हाय?"

"कुणी नाही आत्या. रिकामा आहे."

"वाजव."

दौलतने नळी दातांत धरली, फुंकली आणि बोटं चालवली. बोटांकडे लक्ष गेलं की फुंकर पडे, फुंकरीकडे गेलं की बोटं अडखळत. त्यात रोज वीस सिगारेटी. चौथ्या स्वराला त्याचा चेहरा लाल झाला आणि कीबोर्डातून पाडसाला काटा रुतल्यासारखा आवाज निघाला.

सगुणाने कानावर हात ठेवले. "ह्याच्यापेक्षा मेलेला बरा होता." मग थोडा विचार करून म्हणाली, "बोटं तुजी ऱ्हाऊ दे. श्वासाला नामाला बोलवा."

नामा आला. त्याने नळी हातात घेतली, आरपार बघितली, कीबोर्डाला जिथे जोडली होती तिथे बोट फिरवून गळती आहे का पाहिलं.

"दाब दाखवणारा काटा कुठाय?"

"काटा नाही, काका. कानाने ओळखायचा."

"ते बरं."

त्याने गाल भरले. दौलतने पट्टी दाबली. सूर आला. सरळ, न हलणारा, तीस वर्षांचा. दौलतने दुसरी पट्टी दाबली, तिसरी, चौथी. सगळे स्वर एका उंचीचे, ओळीने ठोकलेल्या खुंट्यांसारखे.

"काका, चढउतार पाहिजे. सनई आहे ही. कुठे जोर, कुठे हलकं."

नामाने नळी काढली. त्याला हे नवीन होतं. जन्मभर त्याने काटा हलू दिला नव्हता. आता काटा हलवायचा होता, आणि कुठे किती हे आधीच ओळखून. तो म्हणाला, "उद्या ये," आणि घरी जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन बसला.

उरलेले दिवस दोघांनी सकाळ-दुपार काम केलं. दामाजीच्या मुरक्या नामाला तोंडपाठ होत्या. शेजारी बसून तीस वर्षं दुसरं ऐकलं काय होतं? कुठे दामाजी छाती भरून घ्यायचा, कुठे चोरून दम खायचा, कुठे नुसता ओठ आवळायचा, सगळं त्याच्या अंगात बसलेलं होतं. फक्त ते कधी बाहेर काढायला कुणी सांगितलं नव्हतं. फुंकर जरा जास्त झाली की यंत्रातला आवाज फाटून वरच्या सप्तकात उडे, खऱ्या सनईसारखाच. कमी झाली की कापरा होऊन विझे. पत्ती नव्हती, लाकूड नव्हतं, तरी लबाडी चालत नव्हती. दौलत वैतागे. नामाला यंत्र आवडलं.

"तुझी जुनी पेटी मुकादमासारखी होती," तो म्हणाला. "दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवायची. याला रोज हजेरी लागते."

चंद्रभागा एकदा बघायला आली. नवरा खुर्चीत, तोंडात नळी, नळी यंत्राला जोडलेली. "सिव्हिल हॉस्पिटलात अशी माणसं बघितलीत," ती म्हणाली, "पण ती झोपलेली असतात."

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा एक अडचण निघाली. हा कीबोर्ड एका वेळी एकच स्वर काढी. सनई झाली, पण मागचा सूर?

दौलत जरा अवघडला. "काका, जुनी पेटी आहे. तिच्यातला तुमचा... आत्याची हरकत नाही. ती म्हणाली जिता आहे तोवर चालेल."

"माझेच ते दोन सेकंद?"

"तेच."

"तेव्हा माझी दाढ होती," नामा म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी चंद्रभागा मोरीपाशी आली तर नामा दगडावर बसून टाचा घासत होता. वजरीने, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. खाडीच्या चिखलात आणि कारखान्याच्या तेलात साठ वर्षं चाललेले पाय होते. सहजी होणारं काम नव्हतं.

"पाय कशाला एवढे घासताय?"

"सहज."

 कुकरचा आणि भाताचा, दोन्ही टोमणे तिच्या ओठांवर आले असणार, पण ते तिने आवरले. आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि त्याच्याजवळ ठेवून गेली.

मांडवात दौलत मधे बसला, समोर नवा कीबोर्ड. त्याच्या डाव्या हाताला नामा. नळी हातभरच लांब होती, म्हणून खुर्ची अगदी चिकटून. मागे बाकावर जुनी पेटी. दौलतने तिच्यात काडेपेटीचा तुकडा खोचला आणि सूर लागला. नामाला टक् ऐकू आलं. मग त्याने गाल भरले.

सनई चांगली वाजली. पहिल्या पाच मिनिटांत मांडवातली कुजबुज थांबली. सगुणाने डोळ्यांना पदर लावला. म्हातारी माणसं मान डोलवत म्हणाली, दौलत आता बापाच्या वळणावर गेला. दौलतची बोटं सगळ्यांना दिसत होती. नामाचं तेवढं नवरदेवाकडच्या पाहुण्यांना कोडं पडलं. एकाने दुसऱ्याला विचारलं, "ऑक्सिजन लावलेल्या माणसाला लग्नात कशाला आणलंय?" दुसऱ्याने पेडस्टल फॅन उचलून नामाच्या तोंडासमोर आणून ठेवला. पुढची वीस मिनिटं नामाने त्या वाऱ्यातून दाब सांभाळला. त्याबद्दल फॅनवाल्याचे कुणी आभार मानले नाहीत, नामाचेही नाहीत.

अक्षता पडल्या, विधी झाले. निघायची वेळ आली. शीला हिरव्या चुड्यात, डोळे पुसत, सनईकडे आली. नामाने मान न वळवता पाय खुर्चीखालून थोडे पुढे सरकवले.

शीला दौलतसमोर वाकली.

भाऊ होता, कीबोर्ड त्याच्यापुढे होता, पाया सनईवाल्याच्या पडायचं असतं. तिचं काही चुकलं नव्हतं. दौलतला हुंदका आला आणि त्याने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून तिच्या डोक्यावर ठेवले. सनई बंद झाली. नामा फुंकत होता. दाब बरोबर होता, काटा असता तर जागेवर दिसला असता, पण पट्टीच दाबलेली नव्हती. हवा नळीतून जात होती आणि आवाज मागून येत होता, त्याचाच, अठ्ठ्याऐंशी सालचा, दर दोन सेकंदांनी सांध्यावरून जाणारा. दामाजीच्या आशीर्वादाच्या वेळी नामा जे करायचा, ते आता नामा फुंकत असताना काडेपेटी करत होती.

"शीले!" सगुणा मांडवाच्या खांबापासून ओरडली. "बोटांच्या पाया काय पडतेस? बोटं भावाची. श्वास तिकडं बसलाय!"

मांडवातली सगळी डोकी वळली. ऑक्सिजनवाला माणूस सगळ्यांनी पहिल्यांदा नीट बघितला. शीला गोंधळली, मग दोन पावलं सरकून नामापुढे वाकली आणि त्याच्या घासलेल्या, तेल लावलेल्या पायांवर तिने डोकं टेकलं.

नामाने नळी तोंडातून काढली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्याच्या ध्यानात आलं की आशीर्वादात काय म्हणतात ते त्याला माहीत नाही.

दामाजीच्या मुरक्या त्याला पाठ होत्या. आशीर्वाद तीस वर्षं त्याच्या शेजारीच दिले गेले होते, पण त्या वेळी तो एकटा सूर धरून असे. कानात स्वतःचाच आवाज भरलेला. दामाजीचे ओठ हलताना दिसत, बायका डोळे पुसताना दिसत, शब्द एकही कधी पोचला नव्हता.

शीला वाकलेली होती. सगळा मांडव वाट बघत होता. नामाला आयुष्यात जे एक नीट माहीत होतं, ते त्याने सांगितलं.

"दाब पडू देऊ नको," तो म्हणाला.

"हो, काका," शीला म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सगुणाने भुवया आवळल्या, थोडा विचार केला आणि मान डोलावली. तिने मान डोलावली म्हणजे ते जुनं, रीतीतलं काहीतरी असणार, असं सगळ्यांनी धरलं. पुढे दोन-तीन लग्नांत वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी नव्या नवऱ्यांना तोच आशीर्वाद दिलेला चंद्रभागेने आपल्या कानांनी ऐकला.

त्या दुपारी घरी आल्यावर नामा ओट्यावर पाय लांब करून बसला. चंद्रभागा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"सगळी वर्षं तोंड बंद," ती म्हणाली. "आणि उघडलं तर आतून कारखाना निघाला."

नामा पाणी प्यायला. बराच वेळ तो पायांकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "मी नळी काढली तेव्हा मागचा सूर तुटला नाही ना?"

"तो कुठला तुटतोय," चंद्रभागा म्हणाली. "त्याला काडेपेटी लावलेली होती."